गेट चार, उत्तर नाही

रोहा
३ जुलै १९९५

ती. सुलेमानचाचा यांस,

प्रविणचा सलाम. तुमच्या रेडिओच्या दुकानातली सोल्डरची कांडी खाली ठेवून मी कंपनीत लागलो त्याला चार वर्षं झाली आणि एवढ्या दिवसांत माझं एक पत्र नाही, म्हणून तुम्ही मला शिव्या घालत असणार. घाला. पण आधी माझं काम करा.

आमच्या सेफ्टी खात्यात मुंबईहून एक नवं यंत्र आलंय. वॉकीटॉकीला जोडायचा बिनवायरचा माइक. सेट खोपटीत फळीवर ठेवायचा, माइक कॉलरला अडकवायचा आणि पन्नास-साठ पावलं लांब उभं राहून बोलायचं. समोरच्याचं ऐकूही त्यातूनच येतं. हे मागवलंय ते जनूकाकासाठी. जनूकाका म्हणजे माझा सख्खा चुलता. वडखळकडचं मिठागर बंद पडल्यापासून घरी बसून होता, बसून बसून चिडखोर झाला होता. मीच साहेबांकडे शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं, गेट चारवर.

गेट चार म्हणजे खाडीच्या बांधातली पाण्याची झडप, आपण उघाडी म्हणतो ती. भरतीला चाक फिरवून बंद करायची, ओहोट लागली आणि कंट्रोल रूमने सांगितलं की उघडायची. भरतीच्या वेळी ती उघडी राहिली तर खारं पाणी नाल्यातून थेट मागच्या गावाच्या भातात शिरेल. चाकाला दोन्ही हात लागतात आणि नेमका तेव्हाच सेट खोपटीत बोंबलत असतो. म्हणून हा माइक.

काकाची नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर आहे. ठेवायचा की नाही ते साहेब ऑगस्टच्या शेवटी ठरवतील. तोवर हे यंत्र नीट चाललं पाहिजे. बरोबरचं पुस्तक इंग्रजीत आहे, अक्षर मुंगीएवढं. तुम्ही बहरैनच्या गोदीत अठरा वर्षं वायरलेसवर काढलीत. कसं जोडायचं, काय सांभाळायचं ते सविस्तर लिहा. कंपनीच्या फोनवरून विचारलं असतं, पण शेजारी काळुराम ऑपरेटर कान लावून बसलेला असतो.

चाचींना सलाम.

तुमचा
प्रविण

पेण
८ जुलै १९९५

चि. प्रविण यास अनेक दुआ.

चार वर्षांनी आठवण झाली, तीही यंत्र अडल्यावर. गरज सरो नि वैद्य मरो ऐकलं होतं, तू गरज पडेपर्यंत वैद्याला मेलेलाच धरून चाललास. असो. तुझं पत्र नूरबानोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आधी पोराला उत्तर लिहा, भांडण मागाहून करा.

तर ऐक. माइकबरोबर एक छोटा डबा आला असेल, तो सेटला जोडायचा. माइकच्या पाठीत आणि डब्याच्या पाठीत बारीक कळा असतील. दोन्हीकडच्या कळा सारख्या लाव. पत्रिका जुळल्याशिवाय संसार नाही. पहिलं चार्जिंग पूर्ण चौदा तास कर, मध्येच उचलून "चालतंय का बघू" करू नकोस, तुला ती खोड आहे. चार्जर ऑफिसात ठेव. जिथे सॉल्व्हंटची पिंपं उघडतात त्या शेडच्या आसपाससुद्धा चार्जिंग नको आणि हा माइक घालून त्या शेडमध्ये कुणी जायचं नाही. एक ठिणगी पुरते. जास्तीची बॅटरी खिशात किल्ल्यांबरोबर टाकायची नाही, आमच्या गोदीत एकाची लुंगी पेटली होती.

एरियल बसवल्याशिवाय बटण दाबायचं नाही, सेट जळतो. बटण दाब, एक श्वास घे, मग बोल, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. माइक तोंडापासून चार बोटं लांब. तुझ्या काकाला विशेष सांग. मिठागरावरची माणसं वाऱ्यावरून बोलायला शिकलेली, ती कानात बोलली तरी पलीकडच्या गावाला कळतं. बोलून झालं की बटण सोड. दाबून धरलं की चॅनेल अडतो, मग दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. हवेत सगळ्यांचेच आवाज असतात. बोलणाऱ्याने आधी नाव सांगायचं, कुणाला हाक मारतोय तेही सांगायचं. नाव न कळता हुकूम मानायचा नाही.

सध्या दुकानात गणपतीवाल्यांचे भोंगे आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचा ढीग आहे. बसायला जागा नाही, म्हणून उभ्यानेच लिहितोय.

तुझा
सुलेमानचाचा

रोहा
१८ जुलै १९९५

ती. चाचांस सलाम.

तुम्ही लिहिलं तसं अक्षरशः केलं. कळा जुळवल्या, चौदा तास धीर धरला. काकाच्या कॉलरला माइक लावला. त्याने दोन दिवस तो देवाच्या टाकासारखा दोन बोटांनी हाताळला. तिसऱ्या दिवशी चाक फिरवता फिरवता क्षणभर एक हात सोडून बटण दाबलं आणि माझ्याशी बोलला. मी बांधावर चाळीस पावलं दूर उभा होतो. आवाज असा स्वच्छ की मला भरून आलं. खरंच आलं, हसू नका.

आणि आता रडायची पाळी. मी समोर असलो की यंत्र झकास. मी कंट्रोल रूममध्ये परतलो आणि काळुरामने तिथून हाक मारली की गेट चार गप्प. "गेट चार, गेट चार, कंट्रोल बोलतोय." उत्तर नाही. पुन्हा एकदा हाक. उत्तर नाही. आमच्याकडे नियम आहे, दोनदा हाक मारायची आणि मग वहीत नोंद करायची. सहा दिवसांत काळुरामने अकरा वेळा लिहिलंय, "गेट चार, उत्तर नाही." त्याचं अक्षर सुंदर आहे, त्यामुळे ते जास्तच झोंबतं.

मोटारसायकल काढून धापा टाकत गेटवर जावं तर काका आपला जाळं विणत बसलेला. गेट वेळेवर बंद केलेलं. म्हणतो, "माजा यंत्र चांगला हाय. तुमचा तपासा." मी तिथूनच काळुरामला हाक मारली तर काळुराम लगेच बोलतो. म्हणजे इथून हाक मारली की चालतं, तिथून मारली की नाही. मध्येच कुणाचे तरी परके आवाज मात्र येतात. रस्त्याच्या कामावरच्या ठेकेदाराने कुठून तरी सेट आणलेत, त्याची माणसं आमच्याच चॅनेलवर घुसून डंपर मोजतात. साहेबांनी तक्रार केली आहे.

साहेब परवा मला म्हणाले, "तुमचे काका दुपारचे झोपतात का हो?" काय करू ते लवकर कळवा.

प्रविण

पेण
२२ जुलै १९९५

चि. प्रविण,

हा रेंजचा रोग आहे. जवळ चालतं, लांबून चालत नाही, याला दुसरं नावच नाही. खोपटीला पत्रा आहे ना? पत्र्याखाली सेट म्हणजे टोपल्याखाली कोंबडा. एरियल बाहेर काढ, दहा हात बांबूवर चढव, खाली वायरचा जोड मेणकापडाने गुंडाळ. वीज कडाडायला लागली की बाहेरची वायर काढून ठेवायची, हे काकाला शपथ घालून सांग. लोखंडी चाकाला एरियल टेकवू नका.

एवढं करूनही जमलं नाही तर एक प्रश्न विचारतो, राग मानू नकोस. यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. जनू खरोखरच झोपत नाही ना? साठीला टेकलेला माणूस, खाडीचा वारा, पोटात भात. मलासुद्धा दुकानात डुलकी लागते आणि मी नूरबानोला सांगतो की मी ट्रान्झिस्टरचा विचार करत होतो.

सुलेमान

रोहा
१ ऑगस्ट १९९५

ती. सुलेमानचाचा यांस,

राग मानू नकोस म्हणालात, पण मला आला. तीन दिवस पत्र लिहिलं नाही तेवढ्यासाठीच.

बांबू उभारला. दहा नाही, चौदा हात. गावातली पोरं विचारून गेली, टीव्ही कधी लावणार म्हणून. गेट चार तरीही गप्प. मग मी ठरवलं, डोळ्यांनीच बघायचं. काळुरामला सांगितलं, बरोबर अकरा वाजता हाक मार. मी साडेदहालाच गेटजवळच्या पंपघराच्या मागे जाऊन लपलो. स्वतःच्या चुलत्यावर पाळत ठेवताना काय वाटतं ते लिहीत नाही.

काका जागा होता, चाचा. टक्क जागा. जाळं विणत होता. अकराला आवाज आला, मला पंपघरामागे स्पष्ट ऐकू आला. "गेट चार, गेट चार, कंट्रोल बोलतोय." काकाने हात थांबवला. बांधाच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. कुणी नाही. माइककडे एकदा पाहिलं आणि खाली थुंकला. पुन्हा हाक आली. काका ताठ बसला, कान देऊन, एखाद्याची वाट बघावी तसा. मग काही नाही. त्याने सुस्कारा टाकला आणि पुन्हा जाळं घेतलं.

मी समोर गेलो. म्हटलं, "काका, हाक आयकलीस ना?"

"आयकली तं."

"मग ओ का नाय दिलीस?"

"तुमचा काळुराम धीराचा नाय," म्हणाला आणि पुन्हा जाळं विणायला लागला.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकाला राग आलाय. आयुष्यभर मिठागराचा मुकादम, त्याला कुणी "गेट चार" म्हणून हाक मारावी! म्हणून मी काळुरामला सांगितलं, जनूकाका म्हणत जा, जरा गोडीने म्हण. त्याने चार दिवस लोण्यासारख्या आवाजात जनूकाका म्हटलं. कंट्रोल रूममध्ये सगळे फिदीफिदी हसले. काका गप्प तो गप्पच.

आता ऐका. साहेबांनी शेवटचं सांगितलं. २६ ऑगस्टला अमावास्येचं मोठं उधाण आहे, दुपारी पाणी चढेल. त्या दिवशी ते स्वतः कंट्रोल रूममध्ये बसणार. गेट चारने उत्तर दिलं नाही तर एक तारखेपासून गेटवर कंत्राटी माणूस. साहेब वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं, हाकेला ओ न देणारा माणूस गेटवर असण्यापेक्षा नसलेला बरा. पण काकू म्हणते, नोकरी लागल्यापासून हा माणूस पुन्हा घरात हसायला लागला आहे. त्याला घरी बसव म्हणून मीच सांगायचं का? मला ते जमणार नाही.

प्रविण

पेण
६ ऑगस्ट १९९५

चि. प्रविण यास खूप खूप दुआ, आणि जनूभाऊंची माफी.

तुझं पत्र रात्रीच्या जेवणाआधी मोठ्याने वाचत होतो. काका कान देऊन बसला, वाट बघत बसला, इथवर आलो आणि नूरबानो भाकरी थापता थापता हसायला लागली. अशी हसली की तव्यावरची भाकरी करपली. म्हटलं, काय झालं? तर पिठाच्या हातानेच उठली, पेटीतून एक जुनं पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. मीच लिहिलेलं. बहरैनहून, १९७१ सालचं, लग्नानंतर पाठवलेलं पहिलंच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तुला एरियल चढवायला लावतोय, वायरचे जोड गुंडाळायला लावतोय आणि उत्तर माझ्या घरात चोवीस वर्षं पेटीत पडलंय.

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगतो. बहरैनला मी अठरा वर्षं वायरलेसवर होतो ही गोष्ट खरी. पण पहिल्याच आठवड्यात मला तिथून हाकलणार होते, हीही खरी. मला जहाजाच्या पोटात उतरवलं होतं, छातीला सेट बांधून. वरून हाक यायची, "सुलेमान! सुलेमान!" आणि मी गप्प. वरचे समजले, हा बहिरा आहे किंवा मेला. खाली माणूस पाठवला तर मी चांगला धडधाकट उभा. साहेबाला कारण सांगायची मला लाज वाटली. बायकोला मात्र लिहिलं.

कारण असं. माझी आई खाडीकाठची, जनूभाऊंच्या मिठागरापासून दोन बांध पलीकडची. लहानपणी तिने आमच्या हाडात भरवलं होतं, माणूस दिसत नसताना हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. खाडीत गिऱ्हा असतो. तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो, पाण्याकडे नेतो. पण त्याला दोनदाच हाक मारता येते. तिसरी हाक माणसाचीच. आमच्याकडे जिन म्हणायचे, तुमच्याकडे गिऱ्हा, पण हिशेब तोच, तीन हाकांचा.

जनूभाऊंसमोर तू उभा असलास की आवाज कुणाचा ते दिसतं, ते लगेच बोलतात. कुणी दिसत नसलं की ते तिसऱ्या हाकेची वाट बघतात. आणि तुमच्या नियमात हाका दोनच. तिसरीच्या जागी तुमचा काळुराम वहीत लिहितो. बिचारे जनूभाऊ रोज कान देऊन बसतात आणि तुम्ही रोज त्यांना गिऱ्ह्याच्या हवाली करून जेवायला जाता!

हसू नकोस. धुक्यात मिठागराच्या बांधावर आवाजाच्या मागे गेलेली माणसं खरंच बुडाली आहेत. आईच्या एका भावाला तसंच नेलं. ही जुन्या माणसांची सेफ्टी आहे, तुमच्यासारखी भिंतीवर पाटी लावत नव्हते एवढंच.

तिसरी हाक मारून बघ. आणि काय झालं ते लगेच कळव, नूरबानो मला रोज विचारणार.

सुलेमान

रोहा
२७ ऑगस्ट १९९५

ती. चाचा आणि चाचींस,

लगेच कळव म्हणालात, पण सव्वीस तारीख उलटेपर्यंत लिहायचा धीर झाला नाही.

तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी मी काळुरामला बाजूला सारून बसलो. एक हाक, दोन हाका. काळुरामने सवयीने वही ओढली. मी तिसरी हाक मारली. माझं तोंड मिटायच्या आत आवाज आला, "ओ! जनू बोलतंय गेट चारवरना. उघाडी बंद हाय, पानी दीड हात खाली. जेवलास का?"

काळुरामच्या हातातलं पेन पडलं.

मी साहेबांकडे धावलो. गिऱ्ह्याचं नाव काढायची हिंमत झाली नाही. म्हटलं, काकांना तीनदा हाक लागते, नियम तीनचा करूया. साहेब म्हणाले, "प्रविण, आग लागली तर तीन हाका मारत बसायचं? सव्वीसला पहिल्या हाकेला उत्तर आलं पाहिजे. नाहीतर मी हात टेकले." त्यांचंही चूक नव्हतं. मी काकाला सांगितलं. त्याने जाळं बाजूला ठेवलं. म्हणाला, "तुज्यासाठी घरी बसंन. पन पयल्या हाकंला ओ नाय देनार." मग माझ्या पाठीवर थाप मारली. मलाच धीर देत होता तो.

काल सव्वीस तारीख. पाऊस, वारा, आणि उधाण असं की बांधावर हातभर कोरडं उरलेलं. साडेबाराला साहेब येऊन बसले. काळुरामने बटणाकडे हात नेला, एवढ्यात सेटमधून तिसराच आवाज. घोगरा, घाईतला. "गेट उघड! अरे गेट उघड लवकर!"

तो त्या रस्त्याच्या ठेकेदाराचा माणूस होता. त्यांच्या फाटकावर डंपर खोळंबला होता, तो त्यांच्या राखणदाराला ओरडत होता. पण आमच्या चॅनेलवर! आम्हाला ऐकू येतंय म्हणजे काकालाही ऐकू येतंय. काळुरामने बटण दाबलं, पण त्या माणसाने त्याचं बटण दाबूनच धरलं होतं. आमचा आवाज जाईना. सेटमधून डंपरचं इंजिन ऐकू येत होतं आणि आम्ही तिघं त्या डबड्याकडे बघत उभे. त्या क्षणी गेट उघडलं असतं तर समुद्र आत आला असता. मागच्या गावाची शंभर एकर लावणी, नुकती हिरवी झालेली. पुन्हा तोच आवाज, "गेट उघड!" मी मोटारसायकलची किल्ली शोधत होतो आणि ती माझ्या हातातच होती.

मग खट्ट झालं, चॅनेल सुटला. काळुरामने हाका मारल्या. पहिली. दुसरी. साहेब त्याच्या खांद्याला धरून ओरडले, "तिसरी मार! तिसरी!"

"ओ! जनू बोलतंय." आवाज अगदी शांत. "उघाडी बंद हाय. कुनीतरी दोनदा हाक मारून उघड म्हनत व्हता. नाव नाय सांगला, तिसऱ्यांदा नाय मारली. म्हनून नाय उघडला. बरोबर केला का?"

साहेबांनी स्वतः माइक घेतला. बटण दाबलं, श्वास घेतला, तुम्ही लिहिलंत तस्सा. एवढंच म्हणाले, "बरोबर केलंत, जनूभाऊ."

आज सकाळी भिंतीवर नवा कागद लागला आहे. गेटवरचा कोणताही हुकूम नाव सांगून आणि तीन हाका मारूनच, नाहीतर मानू नये. सगळ्या गेटना. खाली साहेबांची सही. काकाची नोकरी कायम झाली. त्याने कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाला, "एवडा लिवायला तुमाला दोन महिने लागले?"

उद्या काका तुमच्या शेजारच्या हमरापूरला गणपतीची मूर्ती आणायला येतोय. तुमच्याकडे डोकावेल.

तुमचा
प्रविण

पेण
२ सप्टेंबर १९९५

चि. प्रविण यास,

पत्र वाचून नूरबानो आधी रडली, मग तिने शेवया केल्या. मी दोन्हीत सामील होतो.

जनूभाऊ सोमवारी आले. मी एका भोंग्यात डोकं घालून बसलो होतो, दाराकडे पाठ. रस्त्यावरून हाक आली, "सुलेमान!" मला ऐकू आली. खरं सांगतो, ऐकू आली. पण पाठमोरा होतो, माणूस दिसत नव्हता. दुसरी हाक आली. मी स्क्रू धरून तसाच बसलो, हात हलेना. तिसरी आली तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, "ओ!"

वळून बघतो तर दारात जनूभाऊ. कडेवर सव्वा हाताची मूर्ती, डोळ्यांवर रुमाल बांधलेली. माझ्याकडे बघत उभे. मला पेणमधला मोठा वायरलेसवाला म्हणून ओळखतात, अन् मी असा पकडला गेलो.

"बहरैनला किती वरसं व्हतास?" त्यांनी विचारलं.

"अठरा," मी म्हटलं.

मूर्ती सावरत ते आत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तरी इसरला नायस."

आईला जाऊन एकवीस वर्षं झाली, प्रविण. तिची आठवण करून देणारं असं कुणी बऱ्याच दिवसांत दुकानात आलं नव्हतं. चहा पिऊन गेले. जाताना माइकचा पट्टा सैल झालाय म्हणाले, तो शिवून दिलाय. पुढच्या वेळी तूही ये.

आणि उत्तर या पहिल्याच पत्राला दे. तीन पत्रं लिहायला मी काही कंट्रोल रूम नाही.

तुझा
सुलेमानचाचा